निर्देशांक फरशी मोजतो, माणसे कोण मोजणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते ते सांगणाऱ्या चटईक्षेत्र निर्देशांकाचा, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या एफएसआयचा विषय निघाला की चर्चा घरांवर येऊन थांबते. पुनर्विकासात किती चौरस फूट जादा मिळणार, सोसायटीला किती आणि बिल्डरला किती, एवढ्यावर ती संपते. कार्यालये, दुकाने, गाळे, गोदामे आणि कारखाने यांच्या निर्देशांकाबद्दल फारसे कोणी बोलत नाही. रस्ते तुंबतात, टँकर लागतात, मलवाहिन्या भरून वाहतात, त्याचा मोठा वाटा मात्र याच इमारतींकडे जातो. म्हणून हे पत्र फक्त व्यापारी आणि औद्योगिक बांधकामाबद्दल आहे.

राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली (युडीसीपीआर) डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. बृहन्मुंबई, एमआयडीसीची क्षेत्रे आणि मोजके काही भाग सोडले तर बाकी महाराष्ट्र तिच्याखाली येतो. पुण्यासारख्या महापालिकेत गावठाणाबाहेर मूळ निर्देशांक १.१० आहे. त्यावर अधिमूल्य (प्रीमियम) भरून ०.५० मिळतो आणि बाजारातून टीडीआर, म्हणजे दुसऱ्या भूखंडावरून हस्तांतरित होणारा बांधकामाचा हक्क, विकत घेऊन आणखी चढवता येतो. टीडीआर किती चढवायचा हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर १.१० वरच थांबायचे. ९ मीटरला एकूण २.००, १२ मीटरला २.२५, १५ मीटरला २.५०, २४ मीटरला २.७५ आणि ३० मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्याला ३.००.

वर्तमानपत्रात छापून येतो तो आकडा हा ३.००. पण हिशेब इथे संपत नाही. जिने, लिफ्ट, मार्गिका, सज्जे अशा जागांसाठी नियमावलीने अनुषंगिक क्षेत्र नावाचा वेगळा भाग ठेवला आहे. निवासी इमारतीला तो ६० टक्क्यांपर्यंत, तर अनिवासी इमारतीला ८० टक्क्यांपर्यंत मिळतो. तोही अधिमूल्य भरूनच. आणि या क्षेत्रात प्रत्यक्षात काय बांधले याचा वेगळा हिशेब द्यावा लागत नाही, ते एकूण बांधकामात मिसळून जाते. म्हणजे कार्यालयाच्या इमारतीचा ३.०० चा निर्देशांक प्रत्यक्षात ५.४० होतो. पूर्वी जिने-लिफ्ट निर्देशांकाबाहेर धरत, आता आत धरतात, त्यामुळे जुना ३ आणि नवा ५.४० यांची थेट तुलना करणे बरोबर नाही हे मान्य. पण रस्त्याला, नळाला आणि गटाराला हा फरक समजत नाही. त्यांच्यावर येतो तो पूर्ण बांधकामाचा भार.

एक उदाहरण घेऊ. ३० मीटर रस्त्यावर ३,००० चौ. मी.चा भूखंड आहे. मूळ निर्देशांकाचे ३,३००, अधिमूल्याचे १,५०० आणि टीडीआरचे ४,२०० असे ९,००० चौ. मी. झाले. त्यावर ८० टक्के, म्हणजे ७,२००. एकूण १६,२०० चौ. मी. वाहनतळ याच्या बाहेर, कारण तळघरातला किंवा पोडियमवरचा वाहनतळ निर्देशांकात मोजत नाहीत. आता राष्ट्रीय इमारत संहिता उघडा. आगीच्या वेळी सुटकेच्या वाटा ठरवताना कार्यालयात १० चौ. मी.ला एक माणूस धरायला ती सांगते. म्हणजे या इमारतीत १,६२० माणसे. कार्यालयासाठी माणशी रोज ४५ लिटर पाणी हे याच संहितेचे प्रमाण. त्याचे होतात जवळपास ७३,००० लिटर. पालिकेचे पाणी पुरले नाही तर १०,००० लिटरचे सात-आठ टँकर रोज, आणि वातानुकूलन यंत्रणा पाण्यावर चालणारी असेल तर तिचे पाणी वेगळे. त्यातले ८० टक्के सांडपाणी धरले तर दिवसाला ५८,००० लिटर रस्त्याखालच्या वाहिनीत उतरणार. हा एका इमारतीचा हिशेब झाला आणि तो कोणालाही दहा मिनिटांत करता येतो. परवानगीच्या कागदांत क्षेत्रफळाचा तक्ता दशांशापर्यंत भरलेला असतो. त्या रस्त्यावर आधी मंजूर झालेल्या सगळ्या इमारतींचा मिळून असा हिशेब मात्र नकाशा मंजूर करणाऱ्याला मांडावा लागत नाही.

निर्देशांक या मापाची मुळातली मर्यादा इथेच आहे. तो फरशी मोजतो, माणसे मोजत नाही. त्याच संहितेत गोदामाला ३० चौ. मी.ला एक माणूस धरला आहे, कारखान्याला आणि कार्यालयाला १०, वरच्या मजल्यावरच्या दुकानाला ६ आणि रस्त्यालगतच्या तळमजल्यावरील दुकानाला ३. हजार चौरस मीटरचा तळमजला गोदाम म्हणून वापरला तर ३३ माणसे, कार्यालय केले तर १०० आणि दुकाने थाटली तर ३३३. माणसांत दहापट फरक आणि निर्देशांक एकच. वाहनांचा हिशेब उलटा. गोदामात माणसे कमी, पण ४० फुटी कंटेनरचा ट्रेलर पुढच्या ओढणाऱ्या ट्रकसकट साधारण १६ मीटर लांब असतो. १२ मीटर रस्त्यावरच्या फाटकात तो एका दमात वळत नाही. पुढे जायचे, मागे यायचे, पुन्हा पुढे, आणि तोवर दोन्ही बाजूंची वाहतूक उभी. भोसरी, चाकण किंवा भिवंडीच्या गोदामपट्ट्यात रोज हेच चालते. तिथे निर्देशांक अर्धा केला तरी ही अडचण सुटणार नाही. ट्रेलर वळवायची जागा फाटकाच्या आत असायला हवी आणि ती सामासिक अंतरात (इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेत) गृहीत न धरता नकाशावर वेगळी दाखवून घ्यायला हवी.

कारखान्यांच्या बाबतीत निर्देशांकाहून मोठा प्रश्न जमीन किती व्यापली याचा आहे. प्रेस, लेथ, भट्टी, रासायनिक पात्रे तळमजल्यावरच बसतात. वरच्या मजल्यावर जुळणी, पॅकिंग, स्टोअर आणि ऑफिस जाते. त्यामुळे उद्योजकाला निर्देशांक वाढवून दिला तरी तो कारखान्यासाठी फारसा वापरला जात नाही. वापरला जातो तो कारखाना बंद पडल्यावर, त्या जागी आयटी इमारत किंवा व्यापारी संकुल उभे राहताना. अंधेरी, ठाण्याचे वागळे इस्टेट, ठाणे-बेलापूर पट्टा इथे हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडले आहे. ज्या रस्त्यावरून तीन पाळ्यांत विभागलेले कामगार बसने किंवा पायी जायचे, तिथे एकाच वेळी, सकाळी साडेनऊला, स्वतःच्या वाहनाने येणारे कर्मचारी आले. शेजारचा रसायनांचा कारखाना मात्र जिथल्या तिथे आहे. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला आणि पुन्हा २३ मे २०२४ ला स्फोट झाले, तेव्हा कुंपणाबाहेरच्या घरांच्या आणि दुकानांच्या काचा फुटल्या. औद्योगिक जमिनीवर दुसरा वापर आणायचा असेल तर कारखान्यापासून सोडायचे अंतर नव्याने येणाऱ्याने आपल्या भूखंडात सोडले पाहिजे, आणि ते अंतर शेजारी कोणता पदार्थ किती साठवला आहे त्यावरून ठरले पाहिजे. सरसकट एकच मीटरचा आकडा ठेवला तर शेजारी बिस्किटांचा कारखाना असला काय आणि ज्वालाग्राही द्रावकांचा असला काय, सारखेच अंतर सुटते.

आता रस्त्याच्या रुंदीकडे येतो. सगळ्यात जास्त गडबड इथे आहे असे माझे ठाम मत आहे.

निर्देशांक रुंदीला बांधला ही चांगली गोष्ट झाली. राज्याने जानेवारी २०१६ च्या टीडीआर धोरणात ते केले आणि पुढे एकत्रित नियमावलीतही तेच ठेवले. पण रुंदी कोणती धरायची? नियमांत रस्त्याची रुंदी म्हणजे विकास आराखड्यात किंवा कायद्याने ठरवलेल्या रस्तारेषेत दाखवलेली रुंदी. ती जमिनीवर आज उतरलेली असलीच पाहिजे अशी अट नाही. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली आयुक्तांना रस्त्याची रेषा आखता येते. पुणे महापालिकेने २०२० मध्ये ६ मीटरचे रस्ते ९ मीटर करण्यासाठी याच कलमाचा आधार घेतला, कारण ९ मीटरखाली टीडीआर बसत नाही. जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास त्यामुळे अडला होता, ही अडचण खरी होती. पण पुढे काय होते ते पाहा. रेषा कागदावर आखली की दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर जागा मिळायची असते. ती मिळते फक्त जो भूखंड बांधकामाला निघतो त्याच्याकडून. शेजारच्या इमारतीला अजून वीस वर्षे पुनर्विकास करायचा नसेल तर तिची भिंत आहे तिथेच राहते. मधे महावितरणचा डीपी बॉक्स, एखादे जुने झाड, कोपऱ्यावरचे देऊळ. रस्ता दात पडलेल्या कंगव्यासारखा दिसू लागतो. रुंद झालेल्या तुकड्यात गाड्या उभ्या राहतात, आणि वाहतूक चालते ती सर्वांत अरुंद जागेतून जेवढी मावेल तेवढीच. निर्देशांक मात्र पहिल्या दिवसापासून ९ मीटरचा मंजूर झालेला असतो. रस्त्याला दिलेल्या जागेचा मोबदलाही बहुतेक वेळा टीडीआर किंवा निर्देशांकाच्या रूपातच घेतला जातो, म्हणजे बांधकामात आणखी भर.

निवासी इमारतीत हे कसेबसे निभावते. माणसे वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. कार्यालयांचे तसे नसते, आणि १२ मीटरच्या गल्लीचा हिशेब केला की ते लक्षात येते. २,००० चौ. मी.च्या भूखंडावर २.२५ ने ४,५०० आणि ८० टक्के अनुषंगिक धरून ८,१०० चौ. मी. बांधता येते. संहितेच्या प्रमाणाने ८१० माणसे. असे भूखंड दोन्ही बाजूंना पाच-पाच असतील तर गल्लीची लांबी जेमतेम २०० मीटर आणि माणसे ८,१००. त्यातली निम्मी दुचाकीवर येतात असे धरू आणि बाकीची वाहतूक मोजूच नये. ४,०५० दुचाक्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०६ या मार्गदर्शिकेत, वाहतुकीत दुचाक्यांचे प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असेल तर एक दुचाकी म्हणजे पाऊण मोटार धरतात. म्हणजे सुमारे ३,००० मोटारींचा भार. दोन तासांत विभागला तरी ताशी १,५००. त्याच मार्गदर्शिकेत अशा दुपदरी, दुहेरी, दोन्ही बाजूंना फाटके असलेल्या रस्त्याची क्षमता दोन्ही दिशा मिळून ताशी ९०० आहे. मोटारी, रिक्षा, कॅब, टँकर, जेवणाचे डबे आणि कुरिअर पोचवणारी मुले हे सगळे या आकड्याच्या बाहेर. प्रत्येक भूखंडावर पूर्ण निर्देशांक चढेलच असे नाही. पण नियम तो चढवण्याची मुभा देतो, आणि जमिनीचे भाव त्याच हिशेबाने ठरतात.

यावर नेहमीचे उत्तर असे, की पार्किंग पुरेसे दिले आहे. गाडी उभी राहायला जागा मिळाली म्हणजे ती तिथवर पोचायचा रस्ता रिकामा होत नाही. उलट, जास्त पार्किंग म्हणजे जास्त गाड्यांना निमंत्रण. मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या टापूत पुण्यात निर्देशांक ४ पर्यंत देण्याचे धोरण आहे. ते योग्यच आहे, कार्यालये स्थानकापाशीच हवीत. पण तिथे पार्किंगची किमान अट थोडी सैल करून भागणार नाही. यापेक्षा जास्त गाड्यांना जागा देताच येणार नाही अशी कमाल मर्यादा हवी. न्यूयॉर्कमध्ये निर्देशांक १५ आहे हे सांगणाऱ्यांनी त्याच शहराने मॅनहॅटनच्या गजबजलेल्या भागात १९८२ पासून किमान पार्किंगची सक्ती काढून कमाल मर्यादा घातली हेही सांगावे. तिथले बहुतेक रस्ते १८११ च्या आराखड्याने आखलेले आहेत, आडवे ६० फुटी आणि उभे १०० फुटी, आणि खाली भुयारी रेल्वेचे जाळे आहे. तरीही १९१५ मध्ये ब्रॉडवेवर एकरभरापेक्षा किंचित लहान जागेत इक्विटेबल बिल्डिंग उभी राहिली, शेजारच्या इमारतींचा उजेड गेला, आणि त्यानंतर वर्षभरात, १९१६ ला, शहराने पहिली झोनिंग (कुठे काय आणि कसे बांधायचे ते ठरवणारी) नियमावली केली. निर्देशांकाची मर्यादा तिथे १९६१ मध्ये आली. मोठा आकडा पेलायला लागणारी तयारी तिथे आकड्याच्या आधी झालेली होती.

आपल्याकडे क्रम उलटा लागला की काय होते ते दूर जाऊन पाहायला नको. मुंबईत लोअर परळच्या गिरण्यांच्या जमिनी १९९१ च्या नियमांनुसार ढोबळ तीन वाट्यांत जायच्या होत्या: एक पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ मध्ये ही वाटणी फक्त रिकाम्या जागेपुरती केली, गिरणीच्या इमारती उभ्या असलेली जागा त्यातून वगळली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो बदल टिकला. मोकळ्या जागा आणि रुंद रस्ते मिळायची संधी तिथेच गेली. कार्यालये, मॉल, उपाहारगृहे आली. रेल्वेचे पूल, जिने आणि गल्ल्या गिरणीच्या काळातल्याच राहिल्या. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, कमला मिलच्या आवारात लागलेल्या आगीत १४. दोन्ही घटनांची तात्कालिक कारणे वेगळी होती आणि त्यांच्या चौकशाही वेगळ्या झाल्या. पण दोन्हीकडे जागा होती तेवढीच राहिली आणि माणसे कितीतरी पटींनी वाढली, हे नगररचनेच्या बाजूने म्हणावेच लागेल. आज मुंबईच्या २०३४ च्या नियमावलीत व्यापारी वापराला १२ मीटर रस्त्यावर ३, १८ मीटरवर ४ आणि २७ मीटरवर ५ पर्यंत निर्देशांक मिळतो. हिंजवडीत आधी आयटी पार्क बसले आणि शिवाजीनगरकडे येणाऱ्या मेट्रोचे काम सुरू व्हायला २०२१ उजाडले.

एक गैरसमज नको. निर्देशांक कमी करा असे माझे म्हणणे नाही. तो कमी ठेवला की कार्यालये बंद पडत नाहीत, ती शहराच्या कडेला बायपासवर जातात, आणि माणसे तिथे तासभर गाडी चालवत पोचतात. मुंबई बेटावर १.३३ चा निर्देशांक वर्षानुवर्षे राहिला, तेवढ्याने तिथली गर्दी हटली नाही. माझा आग्रह एवढाच, की मूळ निर्देशांकावरचा जो भाग पैसे भरून मिळतो तो रस्ता, पाणी आणि मलवाहिनी प्रत्यक्ष तयार झाल्याशिवाय वापरात येऊ नये. हे करायला नवा कायदा लागत नाही. बांधकाम परवानगी आराखड्यातल्या रुंदीवर खुशाल द्या. पण भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला परवानगी देणारा दाखला, टप्प्याने द्या. मूळ १.१० आणि त्याच्या अनुषंगिक क्षेत्राचे मजले पूर्ण झाले की त्यांना भोगवटा, आणि अधिमूल्य-टीडीआरच्या मजल्यांना तेव्हाच, जेव्हा त्या भूखंडापासून पुढच्या मोठ्या रस्त्यापर्यंत ठरलेली रुंदी सलग मिळाली असेल. सलग हा शब्द अटीत असलाच पाहिजे. तो नसला की इमारतीच्या तोंडासमोरचे चाळीस मीटर रुंद करून दाखवले जातात आणि अट पुरी झाली म्हणून नोंद होते. विकसकाला हे जाचक वाटेल. पण मग उरलेली जागा ताब्यात घेण्यासाठी पालिकेच्या मागे लागणारा कोणीतरी तयार होईल. आज असा कोणीच नाही.

पैसा नाही हे कारण व्यापारी इमारतींच्या बाबतीत पटत नाही. नियमावली आली तेव्हा अधिमूल्याच्या निर्देशांकाचा दर रेडी रेकनरमधल्या (सरकारी दरपत्रकातल्या) जमिनीच्या दराच्या ३५ टक्के ठेवला होता. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखालचे विकास शुल्क व्यापारी वापराला निवासीच्या दुप्पट आहे. मेट्रोसारखे प्रकल्प हाती घेतलेल्या शहरांत त्या शुल्कावर १०० टक्क्यांपर्यंत अधिभार बसवण्याची तरतूदही आहे. हा पैसा ज्या रस्त्यावरून गोळा झाला त्याच रस्त्याच्या भूसंपादनाला आणि वाहिन्यांना लावला आहे की नाही, हे दाखवणारे खाते प्रत्येक रस्त्यागणिक उघडे ठेवावे. त्याच खात्यात त्या रस्त्यावर आजवर मंजूर झालेले एकूण बांधकाम आणि संहितेच्या प्रमाणाने होणारी माणसे लिहावीत. आकडे कार्यालयात आहेतच, ऑनलाइन मंजुरीमुळे ते संगणकातही आहेत. ते एका ओळीत मांडायचे एवढेच काम आहे.

दुसरी दुखरी जागा वापरातल्या बदलाची. गाळा मंजूर होतो किरकोळ उत्पादनासाठी. वर्षभरात तिथे कार्यालय, मग शिकवणी वर्ग, मग उपाहारगृह. निर्देशांक तोच, पण त्याच जागेत येणारी माणसे कितीतरी पटींनी वाढतात. मधे लोखंडी चॅनेल टाकून पोटमाळा चढतो. कायद्याने वापर बदलणे हाही विकासच आहे आणि त्याला परवानगी लागते. ती क्वचितच घेतली जाते. सोबत फ्रंट मार्जिन आणि साइड मार्जिन भरत जाते. व्यापारी इमारतीच्या बाजूला एकदा चालून पाहा. पुढच्या मोकळ्या जागेत फरशी अर्धा फूट उंचावलेली, तिच्यावर पत्र्याची शेड आणि खुर्च्या. बाजूला जनरेटर, त्याच्या मागे कचऱ्याचे ड्रम आणि दुचाक्यांची दुहेरी रांग. अग्निशमन गाडीसाठी मोकळी ठेवायची ती हीच ६ मीटरची पट्टी. तिच्याखाली तळघर असेल तर वरचा स्लॅब ४५ टनांची गाडी पेलेल असा हवा, असे संहिता म्हणते. काही ठिकाणी तो स्लॅब तसा केलेला असतो आणि त्यावर पेव्हर ब्लॉकची बाग उभी असते. गाडी आतच येऊ शकली नाही तर स्लॅब मजबूत असून काय उपयोग?

यावर एक सोपा उपाय आहे. राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाप्रमाणे इमारतीच्या मालकाला किंवा भोगवटादाराला दरवर्षी जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून 'नमुना ब' प्रमाणपत्र घेऊन द्यावे लागते. त्यात यंत्रणा चालू असल्याचे लिहितात. त्याच वेळी मजल्यागणिक प्रत्यक्ष वापर काय आहे आणि सामासिक अंतर मोकळे आहे की नाही, या दोन ओळी तारखेसह काढलेल्या छायाचित्रांसोबत भरून घ्याव्यात आणि अग्निशमन विभागाने त्या आपोआप बांधकाम विभागाकडे पाठवाव्यात. आज एका विभागाच्या माणसाला दिसते ते दुसऱ्या विभागाच्या फाइलीत पोचत नाही.

नागरिकांनीही नुसते 'गर्दी होते' असे लिहून उपयोग नाही, कारण अशी हरकत 'नोंद घेतली' म्हणून निकालात निघते. नियमावलीत बदल करायचा असला की नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली सूचना निघते आणि हरकतींसाठी एक महिन्याची मुदत असते. राजपत्र रोज कोणी वाचत नाही, म्हणून पालिकेच्या आणि नगरविकास विभागाच्या संकेतस्थळावर अधूनमधून लक्ष ठेवावे. हरकतीत रस्त्याचे नाव आणि सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक लिहावा. रस्त्याची रुंदी टेपने कुंपणभिंतीपासून कुंपणभिंतीपर्यंत किमान तीन ठिकाणी मोजावी, त्यात सर्वांत अरुंद जागा नक्की घ्यावी आणि प्रत्येक मापाचे छायाचित्र जोडावे. कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊ ते साडेदहा, पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार टप्प्यांत, दुचाकी, मोटार, रिक्षा, बस आणि ट्रक वेगवेगळे मोजावेत. मोजणारे दोघे असावेत, प्रत्येक दिशेला एक. माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून त्या रस्त्यावर मंजूर झालेल्या व्यापारी इमारतींच्या नकाशांवरील क्षेत्रफळ तक्त्यांच्या प्रती मागाव्यात. तक्त्यात पाच ओळी पाहायच्या: भूखंडाचे क्षेत्र, रस्तारुंदीत जाणारे क्षेत्र, अधिमूल्याचा निर्देशांक, टीडीआर आणि अनुषंगिक क्षेत्र. त्याशेजारी 'रस्त्याची रुंदी' असा रकाना असतो. त्यात लिहिलेला आकडा आणि आपण टेपने मोजलेला आकडा यांतला फरक हरकतीच्या पहिल्याच परिच्छेदात मांडावा. सुनावणी हवी असल्याचे स्पष्ट लिहावे आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत जपून ठेवावी.

औद्योगिक वसाहतीत एमआयडीसी स्वतःच नियोजन प्राधिकरण आहे, तेव्हा तिथली हरकत पालिकेकडे देऊन चालत नाही. ती एमआयडीसीकडेच द्यावी लागते. पालिकेकडे दिलेला अर्ज पुढे पाठवला जाईपर्यंत महिन्याची मुदत संपलेली असते.

आपला,
एक नगररचना सल्लागार, पुणे